शेवाळाच्या वर्गातले दहावे

विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा मीटरवाले काका दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण होता. काकूंनी पाकीट फोडलं आणि मोरीच्या दाराशीच उभं राहून वाचायला लागल्या, "शासनाकडून मिळणाऱ्या अनुदानात झालेली लक्षणीय घट विचारात घेता, चालू वर्षापासून शिक्षणशुल्कात यथोचित वाढ करणे क्रमप्राप्त झाले आहे."

"यथोचित म्हणजे किती?"

काकूंनी आकडा सांगितला.

"परत सांग."

आता काकांना ऐकू आलं नव्हतं असं नाही हं. काका पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचतात, तीस वर्षं झाली, आणि खात्याचा नियमच आहे की आकडा नेहमीच्या दीडपटीच्या वर गेला तर दोनदा वाचायचा. काकूंनी दुसऱ्यांदा वाचला. आकडा तोच. मीटर बिघडलेला नव्हता. काकांनी साबण पुसला, तसेच कामावर गेले, आणि त्या दिवशी शंभरएक घरांनी एकाच गालाने गुळगुळीत असलेला सरकारी माणूस बघितला.

पत्र होतं खारूचं. खारू म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. लहानपणी कठड्यांवरून खारीसारखी पळायची म्हणून खारू. आता ती वीस वर्षांची आहे, काकांपेक्षा चार बोटं उंच आहे, पूल कसे बांधतात ते शिकते, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला गेली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

संध्याकाळी खारूने पत्र वाचलं, घडी घातली आणि मीठ पुढे करा म्हणावं इतक्या सहज म्हणाली, "बाबा, मी एक वर्ष थांबते. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात माणूस हवाय. वर्षभर काम करते, मग परत जाते."

काकांनी पत्र उचलून खिशात टाकलं. कारण काकासुद्धा एक वर्षच थांबले होते. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झाल्यावर. त्याला आता तेहतीस वर्षं होतील आणि ते एक वर्ष अजून संपायचंय.

"थांबायचं नाही," ते म्हणाले. "मी बघतो काय ते."

"काय बघणार बाबा?"

"बघतो म्हटलं ना."

घरातला कर्ता माणूस 'बघतो' म्हणाला की त्याला प्रत्यक्षात काही म्हणजे काही सुचलेलं नसतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं? पण तो शब्द तोंडातून गेला की परत घेता येत नाही. काकांनी काकूंच्या नव्या फ्रिजसाठी ठेवलेल्या पैशांतून पहिला हप्ता भरला. जुना फ्रिज रात्रंदिवस घुरघुरत राहिला. दुसरा हप्ता पहिल्या चाचणीनंतर. म्हणजे तीन महिने हातात.

आणि मग सल्ले सुरू झाले. काकूंनी गॅलरीत टॉवेल वाळत घालताना फक्त समोरच्या नर्सबाईंना सांगितलं होतं, तेही 'कुणाला बोलू नका' म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बिल्डिंगला आकडा माहीत, तोही वाढवून. नर्सबाई म्हणाल्या, वर्तमानपत्राला पत्र लिहा. तळमजल्यावरचे टायरवाले म्हणाले, पत्रबित्र काही नको, ओळख काढू, कुलगुरूंच्या ड्रायव्हरने गेल्या वर्षी माझ्याकडूनच दोन टायर नेले. काकांनी विचारलं, मग तो काय करू शकेल? टायरवाल्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, कुलगुरू कधी कुठे असतात ते तो अचूक सांगू शकेल.

खरा सल्ला आला वरच्या मजल्यावरून. तिथे निवृत्त हेडमास्तर राहतात. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून बोलताना समोरच्याच्या हातात वही आहे का ते आधी बघतात.

"हे बघा मीटरवाले. पूर्वी विद्यापीठाचा खर्च शंभर असेल, तर सत्तर सरकार द्यायचं. आता देतंय चाळीस. उरले किती?"

"साठ."

"मोठ्याने."

"साठ, सर."

"ते कोणी आणायचे?"

काकांनी मान खाली घातली. सरकारचे तीस घरी विसरून आलेला मुलगा जणू तेच.

मग हेडमास्तरांनी कपाटातून विद्यापीठाची नियमावली काढली. ती त्यांच्याकडे का होती, विचारू नका, त्यांच्याकडे सगळ्या नियमावल्या आहेत. भिंग लावून त्यांनी वाचलं, "नियम चौदा, पोटनियम ब. एकाच कुटुंबातील दोन व्यक्ती एकाच वेळी विद्यापीठात शिकत असल्यास दोघांचाही दुसरा हप्ता माफ."

"पण सर, मला एकच मुलगी आहे."

"मुलं म्हटलंय कुठे? व्यक्ती म्हटलंय. तुम्ही व्यक्ती आहात ना?"

काकांनी याचा कधी विचार केला नव्हता. तीस वर्षं त्यांनी बेल वाजवली की आतून विचारतात 'कोण आहे?' आणि दार उघडणारा ओरडून सांगतो, 'कोणी नाही, मीटरवाला आहे.'

पुढचा प्रश्न काकूंनी काढला, कारण त्या घरात डोकं चालवायचं काम त्यांच्याकडे आहे. "अहो, तिचा एक हप्ता वाचणार, आणि तुमचा एक नव्याने भरायचा. मग पदरात काय पडलं?"

हेडमास्तरांनी भिंग पुसलं. मग ते थेट शेवटच्या पानावर गेले, जिथे सगळ्यांत स्वस्त अभ्यासक्रम अगदी बारीक अक्षरात छापतात, विद्यापीठालाच त्यांची लाज वाटत असल्यासारखे. तिथे तळाला होतं: शेवाळांचा अभ्यास, प्रमाणपत्र, एक वर्ष. फी इतकी कमी की हेडमास्तरांनीही ती दोनदा वाचली.

"शेवाळ?" काकू म्हणाल्या. "ते तर आपल्या मोरीत आहे."

"म्हणजे प्रात्यक्षिकाची सोय झाली," हेडमास्तर म्हणाले.

खारूला सांगायचं नाही एवढं मात्र काकांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. आपल्यासाठी बाप या वयात बाकावर बसतोय हे कळलं असतं, तर ती त्याच दिवशी जाऊन चष्मे विकायला उभी राहिली असती. बापाला पोर माहीत असते हो.

आता विद्यापीठ. तिथे प्रवेशासाठी नऊ खिडक्या आहेत आणि त्यांतली चार नंबरची उघडी असते. खिडकीमागे एक साहेब बसतात, ते वर बघत नाहीत. काकांचे कागद त्यांनी एकेक करून उलटवले, जसं आपण बाजारात भाजी उलटवतो, घ्यायची नसली की.

"तेहतीस वर्षांचा खंड आहे. खंडाचं प्रतिज्ञापत्र लागेल. मधल्या काळात काय करत होतात?"

"मीटर वाचत होतो."

"सगळा वेळ?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मध्ये लग्न केलं."

"तेही लिहा."

प्रतिज्ञापत्र झालं. मग शाळा सोडल्याचा दाखला. तो शोधायला काका तीनदा जुन्या शाळेत गेले, तिसऱ्यांदा मिळाला, वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चांगली. कमी बोलतो.' काकूंनी तो वाचला आणि म्हणाल्या, लग्नाआधी हा कागद कोणी दाखवला असता तर मी वेगळी तयारी केली असती. मग चारित्र्याचा दाखला. तो हेडमास्तरांनी दिला, तीन पानी, आणि शेवटी शेरा मारला की वक्तशीर व सालस, तथापि हस्ताक्षर सुधारण्यास वाव आहे. काकांना हे लागलं. पण चारित्र्य दुसऱ्या कोणाकडून पुन्हा लिहून घ्यायला वेळ नव्हता.

आणि एवढं सगळं झाल्यावर चार नंबरचे साहेब म्हणाले, "पालकाचं नाव, फोन नंबर, सही."

"मीच पालक आहे."

"कोणाचे?"

"माझ्या मुलीचे."

"तुमचा पालक कोण?"

"साहेब, मी त्रेपन्न वर्षांचा आहे."

"असाल. रकाना भरला नाही तर संगणक पुढचं पान उघडत नाही. रक्ताचं नातं हवं, माणूस सज्ञान हवा, आणि मेसेज जाईल असा फोन हवा."

काकांचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ नाही, बहीण नाही. काकूंशी नातं रक्ताचं नाही, फक्त लग्नाचं, ते संगणकाला पुरत नाही. म्हणजे या एवढ्या जगात काकांचं रक्ताचं, सज्ञान आणि फोन असलेलं माणूस एकच उरलं.

त्यांनी अर्ज घरी आणला. खारू पुलाचं चित्र काढत होती. "खारू, खात्याचा वारसाचा कागद आहे, सही कर गं." तिने विचारलं, कुठे? ते म्हणाले, इथे, खाली. तिने एका हाताने पट्टी दाबून धरत दुसऱ्या हाताने सही केली आणि परत पुलात शिरली. काकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी उगाच तिच्यासाठी चहा केला.

एवढं खोटं बोलता आलं, मग फोन नंबरही स्वतःचा टाकायचा ना. पण तिथे त्यांचा हात अडला. बोलण्यात काय, माणूस काहीही बोलतो. पण तीस वर्षांत काकांनी कागदावर चुकीचा आकडा कधी लिहिला नव्हता. त्यांनी खारूचा खरा नंबर घातला, शून्यासकट, आणि इथे सगळा घोळ झाला.

पण तो पुढे. आधी पहिला दिवस. काका सकाळची फेरी उरकून गणवेशातच गेले, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. शेवाळाचा विभाग म्हणजे लांबलचक व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. तीन ट्यूबलाइटची जागा, त्यातली एकच लावलेली. एक सूक्ष्मदर्शक, त्याला डोळा लावायला रांग. मॅडमनी दारात काकांना बघितलं आणि खडू हातातच ठेवून बाहेर आल्या.

"हे बघा, पाण्याचं बिल थकलंय मला माहितीये. अनुदान आलं की पहिलं तेच भरणार आहोत. नळ तेवढा बंद करू नका, काचा धुवायला पाणी लागतं हो."

"मॅडम, मी विद्यार्थी आहे."

मॅडमनी वळून वर्गातली डोकी मोजली, परत काकांकडे बघितलं, आणि "दहा" म्हणाल्या. कारण असं होतं, की नव्या परिपत्रकाप्रमाणे दहापेक्षा कमी मुलं पास झाली तर विभागाला कुलूप, आणि वर्गात होती नऊ. तीस वर्षं काकांना दारात बघून लोकांची तोंडं पडत आली आहेत. कोणाचं उजळलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

आणि खरं सांगू का, त्यांना मजा यायला लागली. म्हणजे असं बघा, मीटर असतात खड्ड्यात, ओलीत, झाकणाखाली. काच दिसायची तर आधी अंगठ्याने शेवाळ खरवडायचं. एवढी वर्षं ज्याला पुसून टाकलं, त्याला नावं आहेत, घराणी आहेत, हे कळल्यावर काका इतके ओशाळले की पहिला आठवडाभर मीटर वाचताना कडेकडेनेच पुसायचे. मॅडमनी एखादा नमुना दाखवला की ते मागून हळूच म्हणायचे, "हे दवाखान्यामागच्या मीटरवर असतं," आणि मॅडम पत्ता लिहून घ्यायच्या.

फक्त सोमवार. सोमवारची फेरी लांबची, ती दुपारपर्यंत संपत नसे. आणि दर सोमवारी खारूच्या फोनवर मेसेज जायचा, 'आपला पाल्य आज वर्गात अनुपस्थित होता.' तिला वाटलं, चुकून आला. दुसऱ्या सोमवारी परत. चौथ्याला आलं, 'पाल्याच्या उपस्थितीबाबत पालकांनी शेवाळ विभागाच्या प्रमुखांना त्वरित भेटावे.' आता खारूच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर नंबर बंद करून टाकला असता. पण ती बापाची मुलगी. तिच्या मनात आलं, कुणाचं तरी पोर वाया चाललंय, त्याच्या आईबापांना पत्ता नाही, आणि निरोप आपल्याकडे पडून आहेत. सांगायला हवं. ती दोन तासांमधल्या सुट्टीत विभाग शोधत शोधत आली आणि दार ढकललं.

काका तेव्हा सूक्ष्मदर्शकाशी होते. एक डोळा मिटलेला, एक नळीला. त्यांनी मिटलेला डोळा उघडला आणि त्यात खारू दिसली. त्यांनी तो परत मिटला.

"तुम्ही काकांच्या पालक का?" मॅडम म्हणाल्या. "बसा ना. मी कधीची वाट बघतेय."

खारू बसली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते काकांना दिसत नव्हतं, कारण ते अजून नळीत बघत होते, आणि तिथेही त्यांना काही दिसत नव्हतं.

"तसे हुशार आहेत," मॅडम सांगू लागल्या. "उत्साह आहे, नमुने आणतात. पण सोमवारी दांडी. आणि वहीत वाक्यं लिहितच नाहीत, सगळं आकड्यात. घरी अभ्यासाला वेगळी जागा आहे का?"

"नाही," खारू हळू आवाजात म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर मी बसते."

"मग त्यांनाही थोडी जागा करून द्या."

व्हरांड्यात आल्यावर खारू भिंतीला टेकून उभी राहिली. काका तिच्यासमोर, पिशवीचा पट्टा चाचपत.

"किती दिवस?"

"महिना होऊन गेला."

"आणि तो वारसाचा कागद?"

काकांनी मान हलवली. ती कशीही घ्यावी अशी. मग हेडमास्तरांचा पोटनियम ब एका दमात सांगून टाकला.

"मला का नाही सांगितलंत बाबा?"

"तू थांबली असतीस."

"मग थांबले असते. एकच वर्ष तर."

"खारू," काका म्हणाले, "एकच वर्ष असं काही नसतं गं."

बास. एवढंच म्हणाले ते. पण खारूने तोंड फिरवलं आणि बराच वेळ समोरची सूचनाफलकाची काच बघत राहिली, आत एकही सूचना नसताना. मग नाक ओढून म्हणाली, "सवलत दोघंही चाचणीत पास झाल्यावरच मिळते, हे वाचलंय का तुमच्या हेडमास्तरांनी? पोटनियम ड."

ते वाचलेलं नव्हतं. भिंगाला मर्यादा असतात.

"दुकानवाल्याला मी पहिल्या तारखेपासून येते म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्ही पास झालात तर नाही जात. ठरलं. आणि आता घरी चला. पालक म्हणून सांगतेय."

मग काय विचारता. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पूल, दुसऱ्या टोकाला शेवाळ. खारू आकडे काढून टाकायची आणि म्हणायची, वाक्य लिहा बाबा, कर्ता कुठाय? काकू भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायच्या आणि काका अडले की उत्तरही त्याच द्यायच्या. काका म्हणाले, मग तूच बस परीक्षेला. त्या म्हणाल्या, मला घर आहे. हेडमास्तरांनी सराव परीक्षा घेतली आणि दहापैकी चार देऊन तो कागद जिन्याच्या फलकावर लावला, प्रोत्साहन म्हणून. त्या दिवसापासून टायरवाले काकांना बघून फक्त हात दाबायचे, जसं आपण मयताच्या घरी दाबतो.

चाचणीत आठ प्रश्न होते. सहा काकांना आले. दोन नाही आले. आता मीटरवाल्याच्या वहीत रिकामी ओळ चालत नाही, ते पाप आहे. घराला कुलूप असलं, माणूस गावाला गेला असला, तरी काहीतरी लिहावंच लागतं, आणि काय लिहायचं ते तीस वर्षं ठरलेलं आहे. काकांनी डोकं खाजवलं, घड्याळ बघितलं, आणि हाताने आपोआप दोन्ही प्रश्नांपुढे लिहिलं, 'दार बंद. पुन्हा येऊ.' पुढे तारीख आणि वेळ.

निकालाला पालकांना बोलावणं आलं. काका बाहेर बाकावर, खारू आत. दार अर्धं उघडं होतं.

"दोन गुण कमी पडलेत," मॅडम म्हणत होत्या. "माझ्या हातात असतं तर... मीच रात्री तो पेपर घेऊन बसले होते. पण 'दार बंद' हे उत्तर धरता येत नाही हो. बाहेरचे परीक्षक बघतात." मग थोडं थांबून, "मलाही दहावा हवाच आहे. विभाग जाईल माझा."

काकांनी बाहेर बसून पिशवीचा पट्टा घट्ट केला. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, काउंटरमागे खारू, एक वर्ष, दोन वर्षं, मग मुख्य विक्रेती, मग कोणीतरी विचारेल, तुम्ही काय शिकलात, आणि ती हसून विषय बदलेल. काकांना ते हसू पाठ आहे. ते स्वतः रोज वापरतात.

"प्रात्यक्षिकाचे गुण?" आतून खारूचा आवाज आला.

"ते दोन वर्षं झालीच नाहीत. बसचे पैसे अनुदानातून यायचे. आता कोणाचेच धरत नाही."

"बस नको," खारू म्हणाली. "चालत जाऊ. सोमवारच्या फेरीवर."

आणि पुढच्या सोमवारी निघाली की वरात. पुढे गणवेशातले काका, मागे मॅडम, मागे नऊ पोरं, मागे बाहेरचे परीक्षक, ते जाडजूड, कडक इस्त्रीतले आणि सबंध रस्ताभर घड्याळ बघणारे, आणि सगळ्यांत शेवटी खारू, पालक म्हणून. पहिल्या घराची बेल वाजवली. आतून 'कोण आहे?' आणि दार उघडणारी बाई इतकी माणसं बघून म्हणाली, "एवढं बिल आलंय का?"

काका गुडघ्यावर बसले, झाकण उचललं, बॅटरी मारली आणि सांगायला लागले. कुठलं शेवाळ लोखंडाजवळ येतं, कुठलं नुसत्या विटेवर, कुठलं नळ गळत असला तरच. कमी बोलणारा माणूस, पण खड्ड्यापाशी त्यांना वाक्यावर वाक्यं सुचत होती, कर्त्यासकट. प्रत्येक ठिकाणी सवयीने आकडाही वाचून दाखवत होते, आणि एक पोरगी तोसुद्धा इमानेइतबारे वहीत उतरवत होती.

सातव्या घरी झाकणाखाली तपकिरी, कोरडा चुरा होता. परीक्षक म्हणाले, "हे मेलंय. चला पुढे."

"मेलेलं नाही साहेब," काका म्हणाले.

त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यावर शिंपडलं आणि बसून राहिले. कोणीच हललं नाही. एका अनोळखी घराच्या अंगणात, एका खड्ड्याभोवती, बारातेरा माणसं वाकून उभी. पाच मिनिटं गेली. घरातले आजोबा खुर्ची घेऊन बाहेर आले. आणि मग त्या चुऱ्याची टोकं हळूहळू उलगडायला लागली, आधी कडेने, मग मधून, आणि दहाव्या मिनिटाला तिथे बोटभर हिरवंगार उभं होतं. परीक्षक कधी पोटावर आडवे झाले ते कोणाला कळलंच नाही. इस्त्रीचं पार वाटोळं. ते झोपूनच म्हणाले, "हे मी पुस्तकातच वाचलं होतं." वीसपैकी एकोणीस दिले त्यांनी. एक कापला, मीटरचे आकडे अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून.

वर्गातले दहाच्या दहा पास. मॅडमनी त्या दिवशी तिन्ही ट्यूबलाइट लावल्या.

दुसऱ्या दिवशी बापलेक चार नंबरच्या खिडकीशी गेले. साहेबांनी शिक्का मारला, खारूचा दुसरा हप्ता माफ, काकांचाही. काकांनी श्वास सोडला तोच साहेब वर न बघता म्हणाले, "सवलत दोघं शिकत असेपर्यंतच. तुमचं प्रमाणपत्र यंदा संपतं, मुलीची पुढे दोन वर्षं राहतात. पुढच्या वर्षी काय घेताय? आत्ता नाव घाला, फी परत वाढतेय." आणि त्यांनी अभ्यासक्रमांची लांबलचक यादी बाहेर सरकवली.

काकांचं बोट थेट उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात गेलं आणि सगळ्यांत छोटा आकडा शोधत खाली उतरायला लागलं. खारूने त्या सबंध रकान्यावर आपला तळहात ठेवला.

"ते नका वाचू. इकडची नावं वाचा नुसती."

"अगं, पण मग जमणार कसं?"

"दुकानवाल्याशी बोललेय मी. संध्याकाळी दोन तास. वर्ग सुटल्यावर."

"तू म्हणालीस जाणार नाही."

"शिकणं सोडून जाणार नाही म्हटलं होतं. दोन तास चष्मे विकले म्हणून पूल पडत नाहीत बाबा." तिने हात काढला नाही. "वाचा."

मागे रांग वाढत होती. काकांनी चष्मा नाकावर घेतला, खाली वाकले आणि एकेक नाव वाचायला लागले. धातू. नद्या आणि बंधारे. जुनी हस्तलिखितं. तारे. नकाशे. कुठल्याच नावापुढे किंमत नसल्यामुळे त्यांना काही सुचेना, ते परत वर जायचे आणि परत खाली यायचे. मागच्या मुलाने घसा खाकरला. खारूने वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो परत खाकरला नाही.

"नकाशे चांगले आहेत," खिडकीतून आवाज आला.

दोघांनी वर बघितलं. साहेब त्यांच्याकडे बघत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"मला घ्यायचं होतं ते," साहेब म्हणाले. "मग इथे लागलो. तात्पुरता."

"किती वर्षं झाली साहेब?" काकांनी विचारलं.

"एकोणीस."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग विचारलं, "तुमच्या घरात कोणी शिकतंय का इथे?"

"मुलगा. यंदाच आलाय."

काकांनी नकाशांपुढे खूण केली. मग खिडकीच्या कडेला कोऱ्या अर्जांचा गठ्ठा असतो, त्यातला एक त्यांनी उचलला, नीट सरळ केला आणि जाळीखालून आत सरकवला.

साहेबांनी तो परत केला नाही.